मायक्रोटिक हेक्स राउटर: नॅट डोळ्यांनी बघायचं असेल तर हा डबा घ्या

दीड वर्ष झालं हा राउटर काकांच्या मागाच्या खात्यात बसवून, म्हणून आता लिहितोय. आठवड्याभरात लिहिलेला रिव्ह्यू मला पटत नाही, पहिल्या आठवड्यात सगळेच राउटर चांगले चालतात. नॅट म्हणजे बाहेरच्या एकाच पत्त्यावर आतली सगळी मशिनं चालवायची राउटरची युक्ती, खाली नीट सांगतो.

आधी जागा सांगतो म्हणजे पुढचं कळेल. इचलकरंजी, २४ यंत्रमाग, पुढं ऑफिसची एक खोली. त्यात दिवाणजींचा कॉम्प्युटर, हिशोबाचा अजून एक पीसी, प्रिंटर, आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगची पेटी) आणि येणाऱ्या जाणाऱ्यांचे मोबाईल. केबलवाल्याचं फायबर आणि त्यानेच दिलेला डबा, ज्याला ऑफिसात सगळे नुसतं वायफाय म्हणतात. काकांचं म्हणणं एवढंच की रात्रपाळीला घरनं कॅमेरे दिसले पाहिजेत, आणि डीव्हीआरसोबत आलेलं क्लाउडचं अॅप नेमकं रात्री नुसतं फिरत बसायचं. म्हणलं बाहेरच्या क्लाउडवर नकोच, आपला पोर्ट, म्हणजे बाहेरनं आत यायचं नंबरचं दार, आपण उघडू. केबलवाल्याच्या डब्यात पोर्ट फॉरवर्डचं (त्या दारावर आलेलं आतल्या मशिनीकडं पाठवायचं) पान होतं, त्यात चार आकडे भरले, सेव्ह केलं, काही झालं नाही. परत भरले, परत काही नाही. चूक माझी, डब्याची की लाइनची हे तो डबा काही केल्या सांगेना, आणि तिथंच मी ठरवलं की आतलं सगळं दाखवणारा राउटर घ्यायचा.

घेतला तो मायक्रोटिकचा हेक्स, मॉडेल आरबी७५०जीआर३. कंपनी लाटव्हियाची, रीगा शहरातली, १९९६ पासूनची. वायर लावायचे पाच गिगाबिट पोर्ट, दोन कोरचा ८८० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. आता याचाच रिफ्रेश म्हणून नवीन हेक्स निघालाय ५१२ एमबीचा, आज घेणाऱ्याने तोच बघावा, नॅटचं सगळं यात लिहिलंय तसंच आहे. वायफाय नाही यात, आधीच सांगतो, कारण घेऊन आल्यावर काकांचा पहिला प्रश्न तोच होता की अँटेना कुठाय. जुना डबा वायफायपुरता तसाच ठेवला. पंखा नाही हे आमच्यासाठी फार मोलाचं, मागाच्या खात्यात कापसाची बारीक धूळ सगळीकडं असते आणि पंख्याची वस्तू वर्षभरात गच्च होते. शिवाय ८ ते ३० व्होल्ट डीसी कुठलाही चालतो, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरी बॅकअपवर थेट लावता येतो, लाइट गेली तरी नेट चालू.

आता नॅट म्हणजे काय ते दिवाणजींना जसं सांगितलं तसंच इथं सांगतो. ऑफिसातल्या मशिनींचे पत्ते १९२.१६८.८८ ने सुरू होणारे, हे घरगुती पत्ते, जगात कुठंही वापरा, १९९६ च्या फेब्रुवारीत आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदात ते खाजगी म्हणून ठरवून दिलेत. बाहेर इंटरनेटवर मात्र आपला पत्ता एकच. तर आतनं कुणीही काहीही मागितलं की राउटर त्या पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता खोडतो, आपला बाहेरचा पत्ता आणि एक पोर्ट नंबर टाकतो, आणि कुणाचं कुठलं पाकीट कुठल्या नंबरनं गेलं ते आपल्या वहीत लिहून ठेवतो. उत्तर आलं की वही बघून ज्याचं त्याला. दिवाणजी लगेच म्हणाले, "म्हणजे आवक-जावक रजिस्टरच की!" बरोबर तेच. सूत कुणाचं आलं, तागे कुणाचे गेले, गेटपास नंबर काय. पोर्ट नंबर हा गेटपास. राउटर-ओएसमध्ये, म्हणजे मायक्रोटिकच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, ते रजिस्टर फायरवॉलच्या (काय आत-बाहेर सोडायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) कनेक्शन्स या टॅबमध्ये चालू असताना बघता येतं, ओळी येतात जातात, कुठल्या पीसीचं काय चाललंय सगळं समोर. मला हा डबा आवडायचं पहिलं कारण हेच.

सुरुवातीचं सेटिंग विनबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममधनं होतं. यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, राउटरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, चुकला, विसरला, उडाला तरी नेबर्स टॅबमध्ये तो मॅक अॅड्रेसनं (यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यानं) दिसतो आणि त्यावर क्लिक करून आत जाता येतं. सेफ मोडचं बटण आहे, ते दाबून काम करायचं, काही चुकून आपणच बाहेर फेकलो गेलो तर केलेले बदल आपोआप मागे फिरतात. मी पहिल्याच दिवशी फायरवॉलमध्ये नियम वरखाली करताना स्वतःलाच बंद केलं होतं, सेफ मोड होता म्हणून रिसेट मारायची पाळी आली नाही.

मूळ सेटिंगमध्ये मास्करेडचा एक नियम तयारच असतो. तो म्हणतो, वॅन (बाहेरची बाजू) नावाच्या यादीतल्या इंटरफेसमधनं, म्हणजे जोडणीमधनं, जे बाहेर जाईल त्याचा पत्ता बदल. इथं नव्या माणसाचा पाय हमखास अडकतो, माझाही अडकला. केबलवाल्याला सांगून त्याचा डबा ब्रिज मोडमध्ये (पाकीट नुसतं पुढं सोडणारा) टाकून घेतला, म्हणजे नॅट दोन ठिकाणी होत नाही, आणि पीपीपीओई, म्हणजे युजर-पासवर्डनं केबलवाल्याशी जोडायची जोडणी, हेक्सवर हाताने बनवलं. लागलं. राउटरवरनं पिंग (चाचणीची हाक) जातोय, पीसीवरनं काहीच उघडत नाही. अर्धा तास गेला. कारण वॅन यादीत फक्त पहिला पोर्ट होता, हाताने बनवलेलं पीपीपीओई इंटरफेस त्या यादीत नव्हतंच, मग मास्करेडचा नियम लागणार कुठनं? यादीत घातलं आणि सगळं सुरू. आणि हे नुसतं नेट चालण्यापुरतं नाही, फायरवॉलचा बाहेरनं आत येणारं अडवणारा नियमही त्याच यादीवर चालतो, त्यामुळे कुणी यादीत न घालता वेगळा मास्करेड लिहून भागवलं तर नेट चालेल पण दार उघडं राहील. कृपा करून यादीतच घाला.

मग डीव्हीआर. बाहेरनं आत आणायचं म्हणजे डीएसटी-नॅट, यात पाकीट पोचायचा पत्ता बदलतो. नियम लिहिला की या पोर्टवर काही आलं की १९२.१६८.८८.२० कडं पाठव. मोबाईलचं वायफाय बंद करून डेटावरनं उघडलं, नाही उघडलं. जुन्या डब्यावर इथंच मी अडकून पडलो होतो. पण इथं प्रत्येक नियमासमोर एक आकडा असतो, किती पाकिटं या नियमाला लागली त्याचा. माझ्या नियमासमोर शून्य. परत मोबाईलवरनं प्रयत्न केला, शून्यच. दिवाणजी मागे उभे होते, म्हणाले, "आवकच नाही तर नोंद कुठनं होणार?" एका वाक्यात निकाल लागला. माझा नियम बरोबर की चूक हा प्रश्नच नव्हता, पाकीट आमच्या दारापर्यंत येतच नव्हतं.

पीपीपीओईला मिळालेला पत्ता बघितला तर १०० ने सुरू होणारा. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा हा सगळा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून दिलाय, त्या पद्धतीला कॅरियर ग्रेड नॅट म्हणतात, म्हणजे केबलवाला वरती अजून एक नॅट करतोय आणि आमच्यासारखी कित्येक कनेक्शनं मिळून एक खरा पत्ता वापरतायत. त्याच्या रजिस्टरमध्ये आमचा डीएसटी-नॅट कोण लिहिणार? पत्ते कमी आहेत ही खरीच अडचण आहे, ३२ बिटचे सगळे मिळून सुमारे ४३० कोटी, त्यातले आशियाच्या वाट्याचे मोकळे पत्ते २०११ च्या एप्रिललाच संपत आले. नॅट स्वतःच १९९४ ला तात्पुरता उपाय म्हणून कागदावर आलं होतं, आणि आज तीस वर्षांनंतर त्यावर अजून एक नॅट चढलंय. हे सगळं समजून घेता येतं, पण फोन करून विचारलं की पब्लिक आयपी (बाहेरनं थेट पोचता येणारा खरा पत्ता) आहे का, तर "हो सर आहे" म्हणून सांगणं मात्र समजून घेता येत नाही. तीनदा विचारलं, तीनदा हो. शेवटी स्क्रीनचा फोटो पाठवला तेव्हा म्हणाले स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा पब्लिक पत्ता, घ्या, वेगळे पैसे पडतील. घेतला. तुमच्याकडं पोर्ट फॉरवर्ड होत नसेल तर राउटर बदलायच्या आधी हे तपासा, वॅनचा पत्ता आणि बाहेर दिसणारा पत्ता एकच आहे का. वेगळा असेल तर कितीही महागडा राउटर आणला तरी उपयोग नाही.

स्टॅटिक आल्यावर मास्करेड काढून साधा एसआरसी-नॅट (पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणारा नियम) लावला. फरक असा की मास्करेड त्या क्षणी इंटरफेसला जो पत्ता असेल तो बघून वापरतो आणि लिंक तुटली की जुन्या नोंदी पुसतो, पत्ता बदलत राहणाऱ्या कनेक्शनला ते योग्यच. पत्ता ठरलेला असेल तर एसआरसी-नॅटमध्ये तो थेट लिहून टाकायचा. मास्करेड ठेवला असता तरी चाललं असतं, पण जे पक्कं आहे ते पक्कं लिहावं असं मला वाटतं.

आता शून्याच्या जागी आकडा आला, १, २, ३. डीव्हीआर मोबाईलवर उघडला. काका खूश. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजींचा फोन, एक वेबसाइट उघडली की कॅमेऱ्याचं लॉगिन पान येतंय! सगळ्या साइटना नाही, काहीच साइटना. मी घरी, डोक्यात काही शिरेना. मग नियम परत वाचला. मी लिहिलं होतं, टीसीपी, पोर्ट ८०, पाठव डीव्हीआरला. बाहेरनं आलेलं असं कुठंच लिहिलं नव्हतं, ना इन-इंटरफेस ना आपला पब्लिक पत्ता. मग ऑफिसातला पीसी बाहेरच्या कुठल्याही साइटच्या ८० पोर्टकडं निघाला की राउटर त्यालाही धरून डीव्हीआरकडं नेत होता. बहुतेक साइट आता ४४३ वर चालतात म्हणून त्या वाचल्या, जुन्या एचटीटीपीवाल्या तेवढ्या सापडल्या. राउटरने मी लिहिलं तेच इमानदारीत केलं. डीएसटी-नॅटच्या नियमात आपला बाहेरचा पत्ता डीएसटी-अॅड्रेसमध्ये लिहिल्याशिवाय ओके दाबू नका, ही एक ओळ जरी कुणी लक्षात ठेवली तरी मला बरं वाटेल.

अजून एक, नियम दुरुस्त केल्यावरही थोडा वेळ जुनंच चालू राहिलं तर घाबरू नका. नॅटचे नियम फक्त कनेक्शनच्या पहिल्या पाकिटाला बघतात, पुढची सगळी पाकिटं रजिस्टरमधल्या नोंदीवर चालतात. म्हणून नियम बदलला तरी आधी उघडलेलं कनेक्शन जुन्याच वाटेनं जात राहतं, कनेक्शन्समध्ये जाऊन ती ओळ काढून टाकायची. म्हणूनच जीबीने डेटा गेला तरी नॅटच्या नियमासमोरचा आकडा लहानच दिसतो, तो बिघाड नाही. आणि फिल्टरचे (अडवायचे-सोडायचे) नियम लिहिताना हे ध्यानात असू द्या की डीएसटी-नॅट आधी होतं आणि फिल्टर नंतर, म्हणजे फिल्टरला पोचेपर्यंत पत्ता बदललेला असतो, तिथं बाहेरचा पत्ता लिहून ठेवलात तर तो नियम कधीच लागणार नाही, आतला लिहा.

हेअरपिनचं, म्हणजे आतनं बाहेरच्या पत्त्यावरनं परत आतच यायचं, प्रकरण तर खास सांगायला पाहिजे. काका घरी असताना अॅप चालायचं, ऑफिसात आले की तेच अॅप बंद. रोज तक्रार. अॅपमध्ये पब्लिक पत्ता भरलेला, आणि मोबाईल त्याच नेटवर्कच्या आत. मोबाईल पब्लिक पत्त्याला हाक मारतो, राउटर ती डीव्हीआरकडं वळवतो, डीव्हीआर बघतो की विचारणारा तर आपल्याच घरातला १९२.१६८.८८.४५, मग राउटरला न विचारता थेट त्याला उत्तर देतो. मोबाईलला कळत नाही की हा २० नंबर कोण, मी तर याला विचारलंच नव्हतं, आणि तो उत्तर टाकून देतो. उपाय एका ओळीचा आहे, एसआरसी-नॅटमध्ये अजून एक नियम, आतनं आतल्याच पत्त्याकडं राउटरमार्गे जाणाऱ्यालाही मास्करेड कर, आणि मग डीव्हीआरला वाटतं राउटरनेच विचारलंय, उत्तर राउटरकडं जातं, राउटर मोबाईलला देतो. कागदावर चार चौकोन काढून बाण मारले तेव्हा मला स्वतःला नीट कळलं. कुणाला शिकवायचं असेल तर बाण काढूनच शिकवा.

इतकं सगळं करून महिनाभराने मी तो डीव्हीआरचा पोर्ट बंद केला. कारण रजिस्टर. उघड्या पोर्टवर कुठनंकुठनं पत्ते येऊन दार ठोठावत होते, दिवसभर, आकडा वाढतच होता. डीव्हीआरचं सॉफ्टवेअर क्वचितच कुणी अपडेट करतं, असली वस्तू सगळ्या जगासमोर ठेवणं बरोबर नाही. नॅट आहे म्हणजे सुरक्षित आहे असं जे बोललं जातं त्यावर विसंबू नका, अडवायचं काम फायरवॉलच्या नियमांचं, आणि पोर्ट फॉरवर्ड केला की तेवढी भिंत आपणच पाडलेली असते. राउटर-ओएस ७ मध्ये वायरगार्ड (चावीनं उघडणारा खाजगी बोगदा, म्हणजे व्हीपीएन) आत आहेच, तो लावला, काकांच्या मोबाईलवर अॅप टाकलं, आता ते घरनं थेट १९२.१६८.८८.२० उघडतात, ऑफिसातही तोच पत्ता, हेअरपिनचा प्रश्नही सुटला. बाहेर दिसतो तो फक्त वायरगार्डचा एक यूडीपी पोर्ट, आणि चावी नसलेल्याला तो उत्तरच देत नाही. जमत असेल तर सरळ इथनंच सुरुवात करा. हिशोबाच्या पीसीचा रिमोट डेस्कटॉप (दुरून पीसी चालवायची सोय) तर चुकूनही फॉरवर्ड करू नका, कुणी कितीही घाईत मागितला तरी.

त्याच हिशोबात राउटरचंही सांगतो. २०१८ ला याच विनबॉक्समध्ये एक मोठं भोक सापडलं होतं, पासवर्ड नसतानाही बाहेरच्याला युजरची फाइल वाचता येत होती. कंपनीने दुरुस्ती लगेच काढली, पण ज्यांनी अपडेट केलं नाही आणि विनबॉक्स इंटरनेटवर उघडं ठेवलं त्यांचे राउटर पुढं कितीतरी महिने लोकांनी वापरून घेतले. म्हणून मूळ फायरवॉल काढून टाकू नका, युट्यूबवर बघून "सगळे नियम डिलीट करा आणि नव्याने लिहा" असलं करू नका, मूळचे नियम विचार करून लिहिलेले आहेत. अपडेट दोन क्लिकचं काम आहे, लंच सुट्टीत होतं.

स्पीडचं म्हणाल तर फास्टट्रॅक (चालू कनेक्शनची पाकिटं नियम न तपासता पुढं सोडायची सोय) चालू असताना आमच्या २०० एमबीपीएसला प्रोसेसर हलत पण नाही. फक्त फास्टट्रॅक असेल तर वेग वाटून देणारे सिंपल क्यू लागत नाहीत, दोन्ही एकदम हवं असेल तर कुणाला फास्टट्रॅक द्यायचा ते निवडावं लागतं.

कुणी घेऊ नये? ज्याला घरी नुसतं नेट चालवायचंय त्याने नको, वायफायसकट साधा राउटर बरा. विनबॉक्स पहिल्यांदा उघडलं की डाव्या बाजूची ती लांबलचक यादी बघून माणूस घाबरतो, आणि मराठीत तर सोडाच, सोप्या इंग्रजीत समजावणारं पण कमीच आहे, मॅन्युअल आहे पण ज्याला हे आधीपासून येतं त्याच्यासाठी लिहिलंय. पण ज्याच्याकडं कॅमेरे आहेत, हिशोबाचा पीसी आहे, दोन ठिकाणची ऑफिसं जोडायचीत, किंवा ज्याला हे शिकून चार पैसे मिळवायचेत अशा पोरांनी जरूर घ्यावा. किंमत कंपनीच्या यादीत ६० डॉलरच्या आत होती, त्यात जे बघायला मिळतं ते दुसरीकडं त्या पैशात मी तरी पाहिलं नाही. सगळं झाल्यावर एक्सपोर्टची फाइल काढून पेन ड्राइव्हवर ठेवा, ती साधी वाचता येणारी टेक्स्ट फाइल असते, माझ्या प्रत्येक नियमाला कॉमेंट पण मराठीतच आहे इंग्रजी लिपीत.

दिवाणजींना मी नुसतं बघता येईल असा रीड ग्रुपमधला युजर काढून दिलाय, बदलता काही येत नाही. परवा नेट एकदम हळू झालं तेव्हा त्यांनी मला फोन करायच्या आधीच कनेक्शन्स उघडून ठेवलं होतं. म्हणाले, "३१ नंबरच्या नावावर पानंच्या पानं नोंदी आहेत, बाकी सगळे गप्प आहेत, ३१ म्हणजे हिशोबाचा पीसी ना?" तोच होता, विंडोजचं अपडेट ओढत बसला होता. त्यांनी जाऊन ते थांबवलं, आणि मग मला फोनवर फक्त झालं म्हणून कळवलं.